रकाना बदलला

घरातल्या बहुतेक वस्तूंना जायची रीत ठाऊक असते. मिक्सरला जळका वास येतो, फ्रिजखाली पाणी साचतं, पंखा महिनाभर कुरकुरतो आणि मग एका रात्री, अर्थातच मे महिन्यातल्या, गप उभा राहतो. मेकॅनिक येतो, "साहेब, मोटार गेली" म्हणतो, आपण हळहळतो आणि निर्णय आपोआप होऊन जातो. ग्राफिक कार्ड ही मात्र अवघड वस्तू आहे. ते जात नाही. घेतलं त्या दिवशी जेवढं काम करत होतं तेवढंच आजही करतं, तितक्याच वेगाने, तितक्याच मुकाट्याने. तरी ते म्हातारं झालं असं एव्हाना सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, आणि ठरवणाऱ्यांत ते बनवणारी कंपनीही असते.

माझ्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० आहे, सहा जीबीचं. जुलै २०१६ मध्ये ते बाजारात आलं आणि पुढच्या वर्षी आमच्या कल्याणच्या घरात. घेतलं मुलीच्या अभ्यासासाठी. मराठी घरात कॉम्प्युटर दुसऱ्या कुठल्या कारणासाठी येतच नाही. मुलगी तेव्हा सातवीत होती, शाळेत प्रोजेक्ट असायचे, आणि "पेशीच्या रचनेच्या थ्रीडी आकृत्या नीट दिसायला पाहिजेत" हे वाक्य मी बायकोपुढे इतक्या गांभीर्याने म्हटलं की तिने पुढे काही विचारलं नाही. तिला पटलं होतं असं नाही. तिला मेथी निवडायची होती. त्या पडद्यावर पेशी कधीच उगवली नाही. बापलेकीने मिळून मोटारी पळवल्या, किल्ले बांधले, पाडले, पुन्हा बांधले. आता मुलगी नोकरीला बंगळूरला आहे, जे काय खेळते ते फोनवर, आणि कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला आहे. अभ्यास करणारं घरात कोणी उरलं नाही. त्यामुळे नवं कार्ड घ्यायचं तर कुणाच्या नावावर, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न माझ्या नोकरीने उभा केला. मी एका कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे आणि डेडस्टॉक रजिस्टर माझ्या कपाटात असतं. बाकं, कपाटं, सूक्ष्मदर्शक, पंखे, प्रयोगशाळेतले तराजू, सगळ्यांवर तैलरंगात नंबर घातलेला असतो आणि दरवर्षी मार्चच्या आसपास आम्ही यादी घेऊन त्यांना भेटायला जातो. एखादी वस्तू काढून टाकायची असेल तर तिचं निर्लेखन करावं लागतं. त्याला समिती लागते, प्रमाणपत्र लागतं, प्राचार्यांची सही लागते, मग भंगारवाल्यांकडून दरपत्रकं मागवायची. सगळ्यात आधी वस्तूची स्थिती लिहायची: चालू, दुरुस्तीयोग्य, निरुपयोगी. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत माझ्याहून वयाने मोठा एक गॅल्व्हानोमीटर आहे. त्याचा काटा शून्यावर कधीच शून्य दाखवत नाही, किंचित डावीकडे राहतो. सर मुलांना तेवढी चूक वजा करायला शिकवतात आणि गॅल्व्हानोमीटर दरवर्षी "चालू"च्या रकान्यात ऐटीत बसतो. त्या न्यायाने माझं कार्ड तर शंभर टक्के चालू आहे. चालू स्थितीतल्या वस्तूचं निर्लेखन करा असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो शेरा मारून परत पाठवला असता.

आणि काम काय कमी करतं ते? आमचा पडदा साधा, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा. म्हणजे एका चित्रात वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. खेळ डोळ्यांना सलग वाटायचा तर सेकंदाला साठ चित्रं लागतात. गुणाकार केला तर सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाखांच्या वर ठिपके, आणि प्रत्येकाचा रंग, उजेड, सावली नव्याने ठरवायची, एका चित्रासाठी सोळा-सतरा मिलिसेकंदांत. हे सगळं ४४० कोटी ट्रान्झिस्टर भरलेली नखाएवढी चकती करते, १२० वॅटमध्ये. आमच्या कार्यालयात एका बोनाफाइड दाखल्याला किती वेळ लागतो हे मी सांगत नाही.

गंमत अशी की कार्डाला म्हातारं ठरवण्याची पद्धतही रकान्यांचीच आहे. प्रत्येक खेळाबरोबर एक तक्ता येतो. त्यात एक रकाना "किमान", म्हणजे एवढं असेल तर खेळ कसाबसा चालेल, आणि दुसरा "शिफारस", म्हणजे एवढं असेल तर बरा चालेल. २०२० मध्ये "सायबरपंक २०७७" येणार होता तेव्हा शिफारशीच्या रकान्यात माझं १०६० होतं, सहा जीबी, अगदी हेच. मी तो तक्ता मुलीला दाखवला होता, मान ताठ करून. २०२३ मध्ये त्याच खेळाला जोडायचा वाढीव भाग आला, खेळवाल्या कंपनीने तक्ता नव्याने काढला, आणि माझं कार्ड किमानच्या रकान्यात. खेळ तोच, शहर तेच, कार्ड तेच. मधल्या काळात त्याने एक ठिपका कमी रंगवला नव्हता. कोणी नोटीस दिली नाही, खुलासा मागवला नाही, सरळ पदावनती. त्यानंतर इंडियाना जोन्सवरचा खेळ आला, "डूम"चा नवा भाग आला, आणि त्यांच्या तक्त्यात तर १०६० किमानमध्येही नव्हतं. त्यांना रे ट्रेसिंग करणारं कार्ड लागतं, नाहीतर ते सुरूच होत नाहीत. १९९३चा पहिला "डूम" साध्या ४८६ प्रोसेसरवर, थ्रीडी कार्डाशिवाय चालायचा. त्या घराण्याची श्रीमंती वाढली म्हणायची.

रे ट्रेसिंग म्हणजे उजेडाचा किरण कुठून निघाला, कशावर आपटला, कुठे वळला याचा हिशेब खराखुरा मांडायचा. त्याचा सगळ्यात मोठा देखावा म्हणजे ओला रस्ता. पावसाने साचलेल्या डबक्यात दुकानांच्या निऑन पाट्यांचं प्रतिबिंब, तेही लाटेबरोबर हलणारं. जाहिरातीत हटकून हेच दाखवतात. मी कल्याणचा माणूस. डबक्यात दिव्यांचं प्रतिबिंब पाहायला मला चाळीस हजारांचं कार्ड कशाला लागतं? जुलैमध्ये स्टेशनबाहेर उभं राहिलं की ते फुकट दिसतं, वर रिक्षा गेली तर अंगावरही येतं.

पण आपण एकटे नाही, एवढा दिलासा बरीच वर्षं होता. स्टीम नावाचं खेळांचं जे मोठं ऑनलाइन दुकान आहे, ते दर महिन्याला आपल्या गिऱ्हाइकांकडे कुठली यंत्रं आहेत याची पाहणी करतं. त्यात वर्षानुवर्षं पहिला नंबर १०६०चा असायचा. पार २०२२च्या अखेरीपर्यंत. म्हणजे जगभर माझ्यासारखीच माणसं सावल्या "मीडियम"वर आणि गवत "लो"वर ठेवून सुखात खेळत होती. सेटिंग्जची ही तडजोड स्वतःच एक खेळ आहे. पाण्यातलं प्रतिबिंब कमी केलं की पाच चित्रं वाढतात, धुकं कमी केलं की तीन. "द विचर ३"मध्ये एक सोय होती, ती चालू केली की नायकाचे आणि जनावरांचे केस वाऱ्यावर सुटे सुटे हलायचे आणि कार्ड धापा टाकायला लागायचं. मी ती पहिल्याच दिवशी बंद केली. केसांच्या बाबतीत तडजोड कशी करायची हे मला कोणी शिकवायला नको.

मग आला २०२५चा ऑक्टोबर. विंडोज १०चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ तारखेला बंद केला, आणि त्याच महिन्यापर्यंत एनव्हिडियाने आमच्या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर, द्यायचे ठरवले होते. पुढे फक्त सुरक्षेपुरती डागडुजी, तिमाहीला एकदा, २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत. मी ते वाचलं आणि माझ्यातला अधीक्षक हळवा झाला. वेतन बंद, निवृत्तिवेतन सुरू, तेही तीन वर्षंच. माझ्या स्वतःच्या निवृत्तीला याहून थोडी जास्त वर्षं आहेत, एवढंच.

मुलीला फोन केला. तिला या विषयातलं माझ्याहून जास्त कळतं आणि ती ते लपवत नाही.

"बाबा, तू खेळतोस काय ते आधी सांग."

मी सांगितलं. "रेड डेड रिडेम्प्शन २." १८९९ सालची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, घोडे.

"अजून तोच? संपला नाही?"

"संपवायचा कशाला? मी घोड्यावरून फिरतो."

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "त्याला शिफारशीत १०६०च आहे, बाबा."

हे खरं होतं. मी मुद्दाम तो खेळ धरून ठेवला आहे असं तिला वाटलं असेल. खेळातल्या टोळीचे लोक मला कामं सांगत असतात, अमुक बँक लुटायची, तमुक गाडी अडवायची. बँकेचं काम मी ऑफिसच्या वेळात पुरेसं करतो. इथे मी डोंगरात जातो, घोड्याला खरारा करतो, बर्फात त्याच्या खुरांचे ठसे उमटतात ते बघतो. ठसे उमटतात की नाही हेही सेटिंग्जवर अवलंबून आहे, आणि माझ्या कार्डावर उमटतात. किनारे किंचित जाड उमटतात. चालतं.

तरीही नवं कार्ड घ्यायचंच म्हटलं तर, मुलगी म्हणाली, नुसतं कार्ड घेऊन भागणार नाही. आमचा प्रोसेसर सातव्या पिढीतला आय५, चार कोअरचा. प्रत्येक चित्राआधी कोण कुठे उभं आहे, कोण कुठे पळतंय हा हिशेब प्रोसेसरने करून द्यायचा आणि मग कार्डाने ते चित्र रंगवायचं. हिशेबच उशिरा आला तर नवं कार्ड हात चोळत बसणार. याला बॉटलनेक म्हणतात. म्हणजे प्रोसेसर बदला. तो बदलायचा तर मदरबोर्ड बदला, कारण खाच वेगळी. मदरबोर्ड बदलला की रॅम बदला, जुनी त्यात बसत नाही. वीज पुरवणारा एसएमपीएस जुना, ४५० वॅटचा, तोही लोकल, त्यावर नव्याला लागणारी आठ पिनांची वायर नाही. एवढं केल्यावर विंडोज ११ टाकता येईल, जी आत्ताच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालतच नाही. राहता राहिलं कॅबिनेट आणि त्याच्या पुढच्या जाळीवर मुलीने आठवीत चिकटवलेलं मांजराचं स्टिकर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोत्यासाठी नाक, कान, चेहरा सगळं बदलायचं होतं.

"म्हणजे फक्त स्टिकर राहणार," मी म्हणालो.

"स्टिकर ठेव हं," ती म्हणाली.

बायकोचा या प्रकरणाशी पहिला संबंध लॉकडाऊनमध्ये आला होता. २०२०च्या सप्टेंबरात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी नवी कार्डं जाहीर केली ती आपल्या घरच्या स्वयंपाकघरात उभं राहून, काळं चामडी जाकीट घालून. मी ते बघत होतो आणि ती मागे येऊन उभी राहिली. कार्डाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"ओटा केवढा मोठा आहे. आणि उलथनी बघा किती. एवढी उलथनी कशाला लागतात एका माणसाला?"

मी सांगितलं की हा माणूस लहानपणी डेनीज नावाच्या हॉटेलात भांडी घासायचा, आणि १९९३ मध्ये कंपनी काढायची ठरवली तीही तशाच एका डेनीजमध्ये बसून.

"तरीच ओटा स्वच्छ आहे," ती म्हणाली. तिच्या मनात त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे. कार्डाबद्दल नाही.

त्यानंतरची दोन वर्षं कार्ड घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण कार्डं मिळतच नव्हती. क्रिप्टोची नाणी खोदणारे लोक ती पोत्याने उचलत होते. कंपनीने एका कार्डाला मुद्दाम लगाम घातला, त्याने खोदकाम हळू व्हावं म्हणून, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरने तो लगाम चुकून सोडला. असा गोंधळ फक्त आपल्याच कार्यालयांत होतो असं मी समजत होतो. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या नाण्याने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं खोदकाम एका रात्रीत निरुपयोगी ठरलं, आणि ती सगळी कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. स्वस्त, पण रात्रंदिवस राबलेली. मित्राने एक बघून ठेवलं होतं. पंखा फिरवला की कुई करत होतं. विकणारा म्हणाला, "फक्त गेमिंगला वापरलंय, साहेब." सेकंडहँड बाजारातली सगळी कार्डं फक्त गेमिंगला वापरलेली असतात, तीही बाळबोध घरातली, रविवारी एखादा तास.

शेवटी एका शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. कल्याणहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरायचं. त्या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे आणि पाटीवर तसं ठळक लिहिलेलंही आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं नाव कधीच निर्लेखित झालं, तरी दुकानदार, हमाल, टॅक्सीवाला सगळ्यांच्या तोंडी तेच चालू स्थितीत आहे. त्या रस्त्यावर गेलं की मला बरं वाटतं. अरुंद गाळे, छतापर्यंत खोकी, फुटपाथवर वायरींची वेटोळी, जिन्याखाली सोल्डरिंग करणारा म्हातारा. बिघडलेल्या गोष्टींबद्दल तिथे कोणी तुच्छतेने बोलत नाही, किंमत सांगतात.

काउंटरवरचा मुलगा विशीतला. "बोलो अंकल. बेटे के लिए?"

मी हो म्हणालो. मुलगी आहे, नोकरीला आहे, असं सगळं सांगत बसलो नाही. नव्या कार्डाचं नाव कुणावर टाकायचं हा प्रश्न त्याने परस्पर सोडवला होता.

"कौनसा गेम खेलता है?"

"घोड़े पे घूमता है," मी म्हणालो.

त्याला काय कळलं देव जाणे. त्याने तीन खोकी काढली. एक तिशीच्या पुढचं, एक चाळिशीच्या आसपासचं, आणि एक फक्त दाखवायला, ज्याची किंमत त्याने बोटांनीच सांगितली. विथ बिल एवढे, म्हणजे अठरा टक्के जीएसटी धरून. मी खोकं हातात घेतलं. हलकं होतं, वर रोबोटाचं चित्र होतं. आठ जीबी. माझ्याकडे नऊ वर्षांपूर्वीचं सहा आहे. नऊ वर्षांत दोन जीबी. आमच्या कॉलेजात वेतनवाढ याहून बरी झाली.

"पर ये नया है अंकल, एआय से फ्रेम बनाता है." मग त्याने समजावून सांगितलं. पूर्वीचं कार्ड प्रत्येक चित्र स्वतः रंगवायचं. नवीन कार्ड एक चित्र रंगवतं आणि पुढची तीनपर्यंत अंदाजाने भरतं. शिवाय जे रंगवतं तेही आधी लहान आकारात रंगवून मोठं करून घेतं. पडद्यावर आकडा दीडशे-दोनशे दिसतो. मी मनातल्या मनात आमच्या लेखापरीक्षकांना आठवलं. चार पावत्यांपैकी एक खरी आणि तीन अंदाजे, असं रजिस्टर मी त्यांच्यापुढे ठेवलं असतं तर त्यांनी परिच्छेद काढला असता. पण चित्र सुंदर दिसत होतं, हे मान्य केलं पाहिजे. दुकानातल्या पडद्यावर पाऊस पडत होता आणि डबक्यात दिवे हलत होते. मी जरा जास्त वेळ उभा राहिलो.

मागच्या भिंतीवर ५०९० नावाच्या कार्डाचं रिकामं खोकं शोभेला ठेवलं होतं. ते एकटं कार्ड ५७५ वॅट खातं. आमचा मिक्सर ५०० वॅटचा आहे आणि तो चालू असताना टीव्हीवरचं ऐकू येत नाही.

रॅमचा भाव विचारला तर मुलगा हसला. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून भाव चढलेत, म्हणाला. "आज का रेट आज. कल फोन करके आना." मी कागदावर बेरीज मांडली. कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस. खाली जो आकडा आला त्यात आमच्या इथे तीन पिढ्या टिकेल असं सागवानी कपाट झालं असतं. मी कागद घडी करून खिशात ठेवला, आणि काहीतरी घेतल्याशिवाय काउंटरवरून निघणं बरं दिसेना म्हणून साडेतीनशे रुपयांची थर्मल पेस्टची ट्यूब घेतली. मुलाने ती मोठ्या पिशवीत घालून दिली. "बेटे को बोलना, साफ करके लगाए."

रविवारी सकाळी बेट्याने गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं. कॅबिनेट उघडलं, मागचा स्क्रू काढला, खाचेच्या टोकाची छोटी खिट्टी दाबली आणि कार्ड हलकेच बाहेर ओढलं. बाहेर काढल्यावर ते अपेक्षेपेक्षा लहान वाटलं. पंख्याच्या पात्यांवर राखाडी थर होता. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवावं लागतं, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बिघडतो. वरची धूळ उडाली. खाली जी होती ती उडेना. ती चिकट होती. बोटाला लावून वास घेतला तर फोडणीचा. हिंग, मोहरी, आणि बहुधा दिवाळीतली चकली. आमचा कॉम्प्युटर दिवाणखान्यात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी असतो, आणि नऊ वर्षं तो आमच्यासोबत जेवत होता हे मला तेव्हा कळलं.

चार स्क्रू उलटसुलट कोनांत थोडे थोडे सैल करायचे, एकदम नाही. झाकण उचललं. चकतीवरची जुनी पेस्ट वाळून खडूच्या भुग्यासारखी झाली होती. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून ती पुसली, तशी खालून आरशासारखी चकती निघाली, त्यात माझा चष्मा दिसला. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवली. पुन्हा चार स्क्रू. कार्ड खाचेत बसताना जो टक् आवाज होतो तो फार समाधानाचा असतो. चालू केलं, घोड्यावर बसलो, अर्धा तास डोंगरात फिरलो. पूर्वी ८४ अंशांवर जाणारं तापमान ७२वर थांबलं. पंख्याची घरघर गेली.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी बायकोला ही बातमी दिली. नवं कार्ड घ्यायची गरज नाही, पेस्टवर भागलं.

"म्हणजे घेत नाही आहात?"

"नाही."

"नक्की?"

"निदान ते डबक्यांचे खेळ मी खेळायला लागेपर्यंत तरी नाही."

"मग ते चाळीस हजार आहेत."

मी सांगायचा प्रयत्न केला की ते चाळीस हजार वेगळे काढून ठेवलेले नव्हते. ते खर्च होणार होते म्हणून दिसत होते. खर्च होत नाहीत म्हटल्यावर ते नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने माझं बरोबर होतं. ती म्हणाली, "अहो, खर्च करायला होते आणि खर्च नाही करायचे तर नाहीत, असं कुठे असतं?" मी गप्प बसलो. या आक्षेपाला आमच्या नियमपुस्तिकेत उत्तर नाही.

"चिमणी बसवून घेऊ," ती म्हणाली. "किती वर्षं म्हणतेय. आता तर तुम्हीच बघितलंत, तुमच्या कार्डात फोडणी जाऊन बसते. कार्डासाठीच बसवायची."

अभ्यासासाठी कार्ड आणणाऱ्या माणसाला याच्यावर काय बोलता येणार? मंगळवारी चिमणीवाला माप घ्यायला आला. ओट्यावर टेप लावली, शेगडीपासूनची उंची मोजली, मोबाइलवर फोटो दाखवले. साधी चिमणी आता कोणी घेत नाही, म्हणाला, फिल्टरलेस घ्या, ऑटो क्लीन घ्या, हाताने नुसती हवेत खूण केली की चालू होते. बायकोने पाचही फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "यात याच्या वरचं मॉडेल असेल ना?" तो म्हणाला, आहे ना, काकू. मी मोटार किती वॅटची ते विचारलं.

"काका," तो टेप गुंडाळत म्हणाला, "ते कोणी विचारत नाही."